तलेजू १:१०० – मधलं छप्पर बसलं!

मंडळी, काठमांडूच्या तलेजू देवळाची १:१०० प्रतिकृती करतोय, तिचं मधलं छप्पर बसलं. तेही टुंडालांना, म्हणजे वळचण तोलणाऱ्या तिरक्या टेकूंना, डिंकाचा थेंब न लावता.

चौथरा मागेच पुरा झालाय. बाराही थर, आठव्या थरावरची भिंत आणि तिच्या बाहेरची बारा छोटी देवळं. शिवणीचं लाकूड असल्यावर ती देवळं म्हणजे मजाच. घोडं अडलं होतं ते टुंडालांपाशी. दोन सेंटिमीटरच्या तिरक्या काड्या, पाय भिंतीच्या कंगोऱ्यावर, डोकं वळचणीच्या तुळईखाली. एक बाजू लावावी तर दुसरी सुटते. चिकटवल्या तर पुण्याच्या पावसाळी हवेत बाल्सा फुगतं आणि सांधे तडकतात.

मग डिंक बाजूला ठेवून खरी बांधणी नीट पाहिली. महेंद्र मल्लाने १५६४ मध्ये काठमांडूच्या राजवाड्यात, आपल्या कुलदेवतेसाठी हे देऊळ उभारलं. दशैंच्या (नेपाळी दसऱ्याच्या) नवमीखेरीज सामान्यांना आत प्रवेश नाही, तेव्हा आतले फोटो विसरा. पण काठमांडू खोऱ्यातल्या इतर नेवारी देवळांचे छेद पाहिले तरी गोष्ट तीच: टुंडालला पकडून ठेवतं ते छपराचं ओझं! कौलारू देवळांत तर झिंगटीखाली (तिथली छोटी कौलं) मातीचा जाड थर असतो. वळचण खाली दाबते, टुंडाल कंगोऱ्यात रुतते. माझं छप्पर बाल्सा आणि तांब्याची चिकटपट्टी, म्हणजे फुंकर मारली तरी उडेल असं. दाबणार काय?

आधी शेंड्याखाली शिशाचे तुकडे भरले. काही फरक नाही, कारण तो भार सरळ भिंतीवर उतरतो. वजन वळचणीवर हवं. चिकटपट्टी उपटली आणि ०.३ मिलिमीटरचा खरा तांब्याचा पत्रा घातला. छप्पर तीसेक ग्रॅमनी जड झालं, आणि टुंडाली अशा घट्ट बसल्या की टेबल हलवलं तरी ढिम्म. पत्रा तांबट आळीतून आणला. ऑनलाइन मागवलेला गुंडाळी होऊन येतो आणि त्याच्या सुरकुत्या काही केल्या जात नाहीत. त्या वाटेला जाऊ नका.

आता खालचं छप्परही उसकटून पत्र्याचंच करणार होतो. पण हे लिहितानाच सुचतंय, डिंकच नाही तर छपरं उचलता येतील अशीच का ठेवू नयेत? वरचं उचललं की वासे आणि भिंतीवरच्या दुहेरी लाकडी पट्ट्या दिसतील. मग आतलं लाकूडकामही नीट करावं लागेल. दिवाळीची मुदत गेली म्हणायची. त्याच राजवाड्यातल्या नासल चौकातल्या पंचमुखी हनुमानाच्या देवळाची प्रतिकृती तर आणखी पुढे. गोल देवळाची पाच गोल छपरं, तिथे टुंडालींचं गणितच वेगळं.

एक मदत हवीय. वळचणीच्या घंटांसाठी एक मिलिमीटरचे पितळी मणी कुणी पाहिलेत का? तुळशीबागेत तीनच्या खाली मिळत नाहीत, आणि तीन म्हणजे खऱ्या मापात फूटभराची घंटा.