मांजर घराचं की माणसाचं?

वाडा रिकामा करायची तारीख ठरली की मला फोन येतात. आधी बिल्डर भाडं किती देतोय, करारात काय लिहून दिलंय, नवी जागा कितव्या मजल्यावर आहे, अशा गप्पा होतात. मग फोन ठेवता ठेवता खरा प्रश्न येतो. "काकू, मांजर घराचं असतं ना? माणसाचं नसतं म्हणतात. मग त्याला इथंच राहू दिलं तर चालेल का?" पेठेत मी मांजरांची काकू म्हणून ओळखली जाते. आई मेलेली पिल्लं वाढवते, कुणाच्या मांजरीची नसबंदी करून आणायची असेल तर बरोबर जाते, म्हणून मला विचारतात. फोनवर सगळं सांगून होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहिते.

उत्तर आधीच देऊन टाकते. न्या. मांजराला बरोबर न्या.

आता त्या समजाबद्दल. तो अगदीच खोटा नाही. घरोघरच्या मांजरांचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतलं रानमांजर. जगभरातल्या मांजरांची जनुकं ताडून २००७ साली शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं. हे रानमांजर एकटं राहतं, एकटंच शिकार करतं. कुत्र्याचा पूर्वज लांडगा. तो कळपात राहणारा, कळप जाईल तिकडे जाणारा. म्हणून कुत्र्याला आपली माणसं दिसली की जागा कुठलीही चालते. मांजराच्या पूर्वजाला कळप नव्हता, त्याच्याकडे होता तो ठरलेला टापू. कुठल्या बिळात उंदीर आहे, कुठून निसटता येतं, ऊन कुठं पडतं, दुसऱ्याची हद्द कुठं सुरू होते, ही माहिती असली तरच तो जगायचा. त्यामुळे आजही घरात कपाट जरा सरकवलं तर मांजर चारही कोपरे पुन्हा हुंगून येतं. नव्या घरातून निसटून जुन्या दारात येऊन बसलेल्या मांजरांच्या गोष्टी पेठेत कुणालाही विचारा, सांगतील. जागेची ओढ मांजराला असतेच.

पण ज्या आज्यांनी आपल्याला "मांजर घराचं" असं सांगितलं, त्यांनीच "मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं" हेही सांगितलं होतं. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघा.

आमची भिंगरी तिरंगी. (तिरंगी मांजर बहुतेक मादीच असते; पिवळ्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि पिवळा-काळा दोन्ही रंग अंगावर उमटायला साधारणपणे दोन एक्स लागतात.) नारायण पेठेतल्या वाड्यात ती माळ्यावरच्या जुन्या घंगाळात व्याली. पिल्लांचे डोळे उघडायच्या आतच तिनं बिऱ्हाड हलवलं. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून पाहत होते. पिल्लाच्या मानेची सैल कातडी ती दातांत धरायची, पण दात रुतू द्यायची नाही. धरल्याबरोबर ओरडणारं पिल्लू गप्प व्हायचं, मागचे पाय पोटाशी घ्यायचं, शेपटी आत वळवायचं आणि लोंबकळत राहायचं. आमचा जिना उभा, पायऱ्या अरुंद. ती प्रत्येक पायरीवर थांबायची, मान उंच करून पिल्लू पायरीला घासत नाही ना ते बघायची, आणि मगच पुढचा पाय टाकायची. सगळी पिल्लं खाली नेऊन झाल्यावरही ती एकदा वर गेली, रिकाम्या घंगाळात तोंड घालून हुंगलं आणि परत आली. पुढं तिथूनही हलली, समोरच्या बिऱ्हाडात कपाटातल्या साड्यांवर.

मांजरीच्या या पिल्लू उचलण्यावर दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांनी अख्खं तत्त्वज्ञान उभं केलंय. माकडिणीचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरतं, मांजरीच्या पिल्लाला काहीच करावं लागत नाही, आईच त्याला उचलून नेते. भक्तानं देवाला धरायचं की देवावर सोडून द्यायचं, यावर त्यांच्यात मर्कटन्याय मानणारे वडगलै आणि मार्जारन्याय मानणारे तेंगलै असे दोन पंथ पडले. मला मात्र त्यातली साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. जिवापाड जपायचं कुणी असलं की मांजर घर सोडतं. बेलाशक सोडतं.

मग पुढचा प्रश्न येतो. पिल्लांसाठी सोडेल हो, पण माणसासाठी? आपल्याला ते ओळखतं तरी का, की नुसतं खायला मिळतं म्हणून येतं?

ओळखतं. जपानमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांजरांना अनोळखी माणसांचे आणि मालकाचे आवाज ऐकवले. माणूस समोर नसतानाही मालकाच्या आवाजाला त्यांनी कान आणि डोकं वळवून वेगळा प्रतिसाद दिला. पुढं २०१९ मध्ये हेही दिसलं की आपलं नाव त्यांना इतर शब्दांतून वेगळं कळतं. पण तुमच्या प्रश्नाला भिडणारा प्रयोग त्याच वर्षी अमेरिकेत ओरेगन राज्यात झाला. मांजराला मालकाबरोबर एका अनोळखी खोलीत ठेवायचं. दोन मिनिटांनी मालक बाहेर जातो, मांजर दोन मिनिटं एकटं राहतं, मग मालक परत येतो. तान्ह्या मुलांची आईशी असलेली जवळीक अशाच पद्धतीनं तपासतात. सुमारे दोन तृतीयांश मांजरं मालक परत आल्यावर निवांत झाली. त्याच्याजवळ गेली, आणि मग निर्धास्तपणे खोली बघायला लागली. मुलांमध्येही प्रमाण साधारण एवढंच निघतं. खोली परकी होती, हे विसरू नका. आपलं असं तिथं एकच होतं, ते माणूस. त्याच्याच भरवशावर मांजर त्या खोलीत हिंडायला निघालं. तुम्ही नव्या फ्लॅटचं दार उघडाल तेव्हाही हेच होणार आहे.

आणि मांजरांचा इतिहास तरी एका जागी बसून राहिल्याचा आहे का? सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीची एक कबर सापडली, त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं आहे. या बेटावर मुळात मांजरं नव्हती. म्हणजे कुणीतरी त्यांना समुद्रावरून होडीत घालून नेलं. ते मांजर पुरतं पाळीव नसेल, माणसाळलेलं रानमांजर असेल. पण परक्या बेटावर जाताना बरोबर न्यावंसं वाटलं आणि मेल्यावर शेजारी पुरावंसं वाटलं, एवढं तरी नक्की. इजिप्तमध्ये नेबामुन नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातलं सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचं चित्र आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नेबामुन बायको-मुलीला घेऊन होडीतून दलदलीत पक्ष्यांच्या शिकारीला निघालाय आणि त्यांचं मांजरही बरोबर आहे, पक्ष्यांवर झेपावलेलं. चित्रकारानं त्याच्या डोळ्याला सोन्याचा वर्ख लावला. घरातलं मांजर मेलं की इजिप्तची माणसं भुवया भादरतात, असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं लिहून ठेवलंय.

आपल्याकडे मांजराच्या वाट्याला ढोंगीपणाच जास्त आला, याचं मला फार वाईट वाटतं. महाभारताच्या उद्योगपर्वात तपस्वी झालेल्या मांजराची गोष्ट आहे. उंदीर विश्वास ठेवतात आणि ते त्यांना खातं. पंचतंत्रात ससा आणि कपिंजल पक्षी न्याय मागायला जातात ते मांजराकडेच. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या भव्य शिल्पपटात मागच्या पायांवर उभं राहून, पुढचे पाय डोक्यावर नेऊन तप करणारं मांजर आहे आणि आसपास उंदीर. शिल्प अप्रतिम आहे. ते मांजर मी कितीही वेळ बघू शकेन. पण पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकत आलो, त्यामुळे मांजर मतलबी हे आपण न तपासता धरून चालतो, आणि मग ते मागं सोडणंही सोपं जातं. बंगालात षष्ठी देवीचं वाहन मांजर आहे. पोराबाळांची राखण करणारी ती देवी, आणि आपली सटवाई तिच्याच नात्यातली. ही आठवण मात्र आपल्याकडे कुणी काढत नाही.

"मांजर घराचं" हे ज्या काळात म्हटलं गेलं तो काळही बघा. तेव्हा एक बिऱ्हाड गेलं तरी वाडा उभाच राहायचा. चार बिऱ्हाडं असायची, दुसरं कुणीतरी राहायला यायचं, स्वयंपाकघरात शिंकं टांगलेलं असायचं, माळ्यावर धान्य आणि धान्यावर उंदीर. मांजराचा टापू तसाच राहायचा आणि त्याला घास घालणारे हातही. आता तुम्ही निघालात की आठवड्याभरात दारं-खिडक्या, सागवानी खांब, तुळया निघतात. मग जेसीबी येतो. ज्या घराच्या भरवशावर मांजर ठेवायचं म्हणता, ते घरच राहणार नाही. पाडकाम सुरू झालं की मांजरं पळून जातील असं लोकांना वाटतं. घाबरलेलं मांजर पळत नाही, ओळखीच्या कोपऱ्यात आणखी आत घुसतं. पिल्लं असली तर हमखास.

"शेजारच्या वहिनी दूध घालणार आहेत," असंही मला सांगतात. वहिनींचा हात उदार आहे, पण दुधावर मांजर जगत नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध धड पचतही नाही, पोट बिघडतं. मांजर मुळातच मांसाहारी. टॉरिन नावाचा घटक त्याला पुरेसा बनवता येत नाही, तो मांस-मासळीतून मिळावा लागतो. नाही मिळाला तर डोळ्यांचा पडदा आणि हृदय खराब होतं, हे सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या संशोधनानं सिद्ध केलं. शाकाहारी घरात दूधभातावर वाढलेली मांजरं टिकली, ती गुपचूप उंदीर-पाली मारून. तुमच्या घरात मांस शिजत नसेल तर तयार कॅट फूड आणा, त्यात टॉरिन असतं.

आम्हीही वाडा सोडला, धायरीला भाड्यानं आलो. भिंगरी तेव्हा बऱ्यापैकी वयाची होती. पहिल्यांदा ती पलंगाखाली भिंतीला टेकून बसली, आम्ही समोर असताना खाईना. रात्री सगळं निजल्यावर वाटी रिकामी व्हायची. मी त्याच खोलीत जमिनीवर बसून पेपर वाचायची, तिच्याकडे बघायची नाही. काही दिवसांनी ती बाहेर आली, पलंगाच्या पायाला गाल घासला, मग दाराच्या कडेला, मग माझ्या गुडघ्याला. मांजराच्या गालांत गंधग्रंथी असतात. गाल घासून ते आपला वास लावतं, तिथून ती वस्तू त्याच्या ओळखीची होते. पलंग, दार आणि मी, तिनं एकाच फेरीत आपलं करून टाकलं.

आता तुमच्या कामाचं. टेम्पो यायच्या आदल्या रात्रीच मांजर एका खोलीत बंद करा. सामान हलताना दार उघडं राहतं आणि ते नाहीसं होतं. टोपली आठवडाभर आधी उघडी ठेवा, आत तुमची वापरलेली, न धुतलेली चादर घाला. ती चादर नव्या घरीही धुवायची नाही. मांजर टेम्पोत सामानाबरोबर पाठवू नका, रिक्षात तुमच्या मांडीवर न्या. तिकडे आधी एकच खोली द्या: खाणं, पाणी, मातीचा ट्रे आणि लपायला एक खोका. हळूहळू बाकीचं घर. तीन-चार आठवडे बाहेर अजिबात सोडू नका, जुन्या घराकडे निघतात ती मांजरं याच काळात निघतात. बोका असेल आणि नसबंदी झाली नसेल तर हलायच्या आधी करून घ्या. आणि गॅलरीच्या जाळीवर विसंबू नका, कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर दातानं तोडतं. तारेची लावा, वाडा सोडून सातव्या मजल्यावर जाताय.

तारीख पुढं-मागं झाली तरी मला कळवा. टोपली विकत आणू नका, माझ्याकडे झाकणाच्या दोन आहेत, संध्याकाळी येऊन घेऊन जा.