कबुतरांच्या मनोऱ्यात मुक्काम

इटलीतल्या उंब्रियात गाडीने फिरताना टेकड्यांवर अधूनमधून एखादा चौकोनी मनोरा दिसतो. बुरूज म्हणावा तर अंगाने फारच सडपातळ, चर्चचा म्हणावा तर घंटा नाही. हे 'तोरे कोलोंबाया', खास कबुतरांसाठी बांधलेले मनोरे. तोदी गावाजवळच्या अशाच एका मनोऱ्यात, म्हणजे त्याच्या आता झालेल्या घरात, आम्ही राहिलो.

कबुतरं पाळायची ती पिल्लांच्या कोवळ्या मांसासाठी आणि शिटेसाठी. होय, शिटेसाठी! आपण बाल्कनीत जिच्या नावाने बोटं मोडतो, तिला तिथे 'कोलोंबिना' असं स्वतंत्र नाव आहे आणि खत म्हणून मोठा मान होता. विद्या तशी जुनीच. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन पंडित वारोने 5000 पक्षी मावतील अशा कबुतरखान्यांबद्दल लिहिलंय, आणि उंदीर-पाली चढू नयेत म्हणून भिंतीला गुळगुळीत गिलावा करा, असंही बजावलंय.

आमच्या मनोऱ्यावर त्याचीच पुढची पायरी होती. कबुतरांच्या झरोक्यांखाली चारही बाजूंनी विटांची कड बाहेर काढलेली आणि तिच्यावर चकचकीत झिलईच्या फरशांचा पट्टा. वर चढणाऱ्या उंदराची नखं तिथे घसरायची आणि स्वारी थेट खाली! झरोके दक्षिणेला, कारण उत्तरेचा 'त्रामोंताना' वारा झोंबरा. खालच्या मजल्यावर शेतकऱ्याचं बिऱ्हाड.

हे बिऱ्हाड जमीन अर्धेलीने कसायचं. पिकाचा निम्मा वाटा मालकाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर माणसं कारखान्यांकडे वळली, 1964 च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले आणि अशी कितीतरी घरं ओस पडली. पुढे शहरातल्या आणि परदेशी हौशी मंडळींनी ती विकत घेतली.

पण पक्ष्यांच्या मापाने बांधलेल्या जागेत माणूस बसवणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. एका मजल्यावर जेमतेम एक खोली, तिचाही मोठा तुकडा जिना खातो. उजेडासाठी भिंत फोडावी, तर जुन्या वास्तूला हवी तशी भगदाडं पाडता येत नाहीत. त्यात मुलूख भूकंपाचा. 1997 चा धक्का तिथे अजून कोणी विसरलेलं नाही. आमच्या मनोऱ्याच्या समोरासमोरच्या भिंती लोखंडी सळ्यांनी एकमेकींना आवळल्या होत्या. बाहेरून त्यांच्या पट्ट्या दिसतात.

मालकीणबाईंनी निजायच्या खोलीतली एक अख्खी भिंत जशीच्या तशी ठेवली होती. खालपासून आढ्यापर्यंत खोप्यांच्या रांगा, प्रत्येकात कोपरापर्यंत हात जाईल एवढी जागा, कडा पक्ष्यांच्या ये-जा करण्याने झिजलेल्या. एका खोप्यात माझा चष्मा, दुसऱ्यात चार्जर. जवळच आणखी एक मनोरा पाहिला. आत सगळे खोपे बुजवून पांढराशुभ्र रंग आणि वर जकुझी. पैसा दिसत होता, मनोरा काही दिसेना. एवढंच हवं होतं तर पेरुजात फ्लॅट काय वाईट होता?

जाणार असाल तर बुकिंगआधी संडास कितव्या मजल्यावर आहे ते विचारून घ्या. आमचा तळाला होता, बिछाना सगळ्यात वर, आणि मधला लोखंडी गोल जिना रात्री उतरताना सासूबाईंनी इटालियन वास्तुकलेबद्दल जे उद्गार काढले ते इथे छापण्यासारखे नाहीत.