कात्रण

परवा पर्वरीला हायकोर्टात जे झालं ते डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

क्लायंट पेडण्याचे एक काका, शेतजमीन बिगरशेती करण्याविरुद्ध (कन्व्हर्जन) रिट याचिका, समोर एका राजकीय पक्षाचे पदाधिकारी. काका सकाळच्या कदंबा बसने येऊन कॅन्टीनमध्ये बसलेले, मला बघताच पिशवीतून पेपरचं पिवळं पडलेलं कात्रण काढून टेबलावर ठेवलं. त्यात आमचे जजसाहेब, वकील असतानाचे, गळ्यात हार, बाजूला त्याच पक्षाचे नेते. "बाय, हे आमकां न्याय दितले?"

म्हटलं काका, गोवा तो केवढा, चवथीला कोण कोणाच्या घरी नसतो! पण खटकलं मलाही. सिनियर म्हणाले फोटोवरून बायस सिद्ध होत नाही, तरी रिक्यूझलचा, म्हणजे जजनी केसमधून बाजूला व्हावं असा, अर्ज टाइप करून ठेव, द्यायचा की नाही बघू.

टाइप करताना सारखी चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशेची केस आठवत होती. 1998 ला हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, 3 विरुद्ध 2 ने त्याच्याविरुद्ध निकाल दिला, मग कळलं की त्या तिघांतले लॉर्ड हॉफमन ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेशी जोडलेल्या एका चॅरिटीचे चेअरमन, आणि ॲम्नेस्टी त्याच केसमध्ये बाजू मांडत होती. त्यांनी पक्षपात केला असं कोणी म्हटलंच नाही, पण सांगितलं नव्हतं ना, महिन्याच्या आत निकाल रद्द, 1999 ला सात जजांपुढे पुन्हा सगळं. उलट आपले जस्टिस कृष्ण अय्यर 1957 ला केरळात कम्युनिस्ट सरकारमध्ये चक्क मंत्री होते, नंतर सुप्रीम कोर्टात गेले, पण ते सगळ्या जगाला माहीत.

आमचा नंबर पुकारला. सिनियर उभे राहतात न राहतात तोच साहेब म्हणाले, थांबा, वकिली करताना मी रिस्पॉन्डंटच्या (समोरच्यांच्या) पक्षाची एक निवडणुकीची केस लढवलीय, कोणाला हरकत असेल तर आत्ताच सांगा. कोर्टरूम चिडीचूप. अर्ज माझ्या फाइलमध्ये तसाच, सही न झालेला, आणि मला कारण नसताना घाम.

सिनियरनी मागे वळून पाहिलं. काकांनी मान हलवली, हे साहेब नकोत. साहेबांनी एका ओळीत 'नॉट बिफोर मी', म्हणजे ही केस माझ्यापुढे नको, असं लिहून घेतलं, चेहऱ्यावर राग नाही काही नाही, पुढचं मॅटर. आम्हाला तारीख मिळाली सहा आठवड्यांनंतरची.

बाहेर पायऱ्यांवर काका कात्रण घडी करून पिशवीत ठेवत होते. म्हटलं, आता कशाला हवं ते?

"तें रावूं दी. आतां दुसऱ्या साहेबाचोय फोटो सोदूंक जाय मगो."