नीट बोलणाऱ्या मीटरनेच लाइन पाडली

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतले सगळे एनर्जी मीटर आरएस-४८५ च्या, म्हणजे दोन तारांवरून डेटा नेणाऱ्या, एकाच लाइनवर आहेत. विजांसकट वळीव झोडपून गेला आणि दुसऱ्या दिवसापासून इंडक्शन भट्टी चालू झाली की मॉडबसवर (मीटर ज्या भाषेत बोलतात त्यावर) सीआरसी एरर, म्हणजे निरोप वाटेत बिघडल्याच्या खुणा, यायला लागल्या. सगळ्यांचं बोट भट्टीकडे. शिल्ड तपासा, अर्थिंग बघा, केबल बदला. पण भट्टी तीच, केबल तीच, आणि पावसाआधी सगळं सुरळीत होतं. मला ते पटेना.

पोलिंग, म्हणजे मास्टर कंट्रोलरने एकेका मीटरला विचारणं, थांबवून मी शांत लाइनचं व्होल्टेज मोजलं. दोन्ही टोकांना टर्मिनेशनचे १२० ओहम, म्हणजे तारांमध्ये ६०. मास्टरपाशी ५ व्होल्टवर ५६० ओहमचे दोन बायस रेझिस्टर, शांत लाइनला ठरावीक व्होल्टेजवर धरून ठेवणारे. हिशेबाने अडीचशे मिलिव्होल्ट यायला हवेत. आले शंभराच्या आसपास. रिसीव्हरला खात्रीने वाचायला २०० तरी लागतात. त्याखाली भट्टीचा जरासा नॉइजही त्याला स्टार्ट बिट, म्हणजे निरोपाची सुरुवात, वाटतो आणि फ्रेम (अख्खा निरोप) बिघडते.

म्हणजे कुणीतरी करंट खात होतं. एका युनिट लोडच्या (मानकातल्या एक एकक भाराच्या) ट्रान्सीव्हरचा, म्हणजे मीटरमधल्या लाइनशी बोलणाऱ्या चिपचा, इनपुट रेझिस्टन्स साधारण १२ किलोओहम असतो. असे ३२ लावले तरी ड्रायव्हरने (चिपच्या सिग्नल पाठवणाऱ्या भागाने) पेलायचे, असं मानकच सांगतं. आमचे मीटर त्याहून कितीतरी कमी. तेव्हा गर्दीचा प्रश्न नव्हता, कुठला तरी एक इनपुट ढासळला होता.

लाइन मधोमध तोडत, निम्मी निम्मी बाजूला काढत सँड प्लँटच्या पॅनेलपाशी पोचलो. तिथला मीटर सोडवला आणि व्होल्टेज जागेवर आलं. इलेक्ट्रिशियन अण्णा चक्रावले. "सायेब, ह्यो तर समद्यात ब्येस बोलतोय की!"

खरंच बोलत होता. टेबलावर एकटा जोडला तर एक फ्रेम चुकेना, कारण ड्रायव्हर शाबूत होता आणि तिथे ना टर्मिनेशन होतं, ना भट्टी. सप्लाय काढून डी-प्लस (डेटाची एक तार) ते कॉमन मोजलं तर जेमतेम २२० ओहम! शेजारच्या तसल्याच मीटरला कित्येक किलोओहम. सर्जने, म्हणजे विजेच्या झटक्याने, इनपुट आतून भाजला होता, आणि त्याची शिक्षा बाकीचे मीटर भोगत होते. अशा बिघाडात कुठला मीटर उत्तर देत नाही याची यादी करत बसलं तर हा कधीच सापडत नाही.

आम्ही एक-अष्टमांश लोडची, ९६ किलोओहमची चिप बसवली. संध्याकाळच्या हीटला (भट्टीच्या फेरीला) एकही एरर आली नाही. सर्ज प्रोटेक्टरचं इंडेंट मी तिथूनच स्टोअरला पाठवलं.