मोझेलच्या काठानं: ट्रिअर ते कोब्लेन्झ

मोझेल नदी फ्रान्समधल्या व्होझ डोंगरात उगम पावते आणि ५४४ किलोमीटर वाहून जर्मनीत कोब्लेन्झला ऱ्हाइनला मिळते. ट्रिअर सोडलं की तिची वळणं सुरू होतात आणि दोन्ही अंगांना उभ्या चढावर द्राक्षमळे. सप्टेंबर संपता संपता आम्ही या काठानं फिरलो. गेलो होतो जुनी शहरं बघायला, पण ही शहरं कशाच्या जिवावर उभी राहिली ते कळायला मळ्यांकडेच बघावं लागतं, हे हळूहळू लक्षात येत गेलं.

सुरुवात ट्रिअरपासून. रोमन लोकांनी वसवलेलं हे शहर जर्मनीतल्या सर्वांत जुन्या शहरांपैकी एक. स्टेशनवरून चालत निघालं की थोड्याच वेळात पोर्टा नीग्रा समोर येते. इ.स. १७० च्या सुमारास बांधलेली ही शहराची वेस. वाळूचे मोठमोठे दगड चुना न वापरता एकावर एक रचले आणि लोखंडी आकड्यांनी जोडले. मध्ययुगात लोखंडाच्या लोभानं लोकांनी ते आकडे उचकटून नेले. भिंतीवरची ती भोकं अजून दिसतात, बोट घालून बघता येतात. बाकीच्या वेशी पाडून लोकांनी दगड नेले, ही मात्र राहिली, ती सिमिऑन नावाच्या ग्रीक संन्याशामुळे. तो इथे स्वतःला कोंडून घेऊन राहिला आणि १०३५ मध्ये वारला. त्याच्या नावानं वेशीचंच चर्च झालं, म्हणून तिला कुणी हात लावला नाही. पुढे १८०४ मध्ये नेपोलियननं चर्चचं बांधकाम उतरवायचा हुकूम दिला आणि रोमन वेस पुन्हा मोकळी झाली. जवळच कॉन्स्टंटाइन बादशहाचा दरबार हॉल आहे: ६७ मीटर लांब, ३३ मीटर उंच, आणि आत एकही खांब नाही.

पण ट्रिअरमध्ये माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो ऱ्हाइन प्रांताच्या पुरातत्त्व संग्रहालयात, एका दगडी होडीसमोर. इ.स. २२० च्या आसपासची ही होडी म्हणजे एका द्राक्षारसाच्या व्यापाऱ्याच्या समाधीचा भाग. १८७८ मध्ये नदीकाठच्या नॉयमागेन गावात सापडली. होडीत पिंपं रचलेली, वल्ही मारणारी माणसं ओळीनं बसलेली, दोन्ही टोकांना जनावरांची तोंडं. त्यातल्या एका नावाड्याच्या चेहऱ्यावर चक्क हसू आहे. अठराशे वर्षांपूर्वीच्या कारागिराला ते हसू कोरावंसं वाटलं, याचं मला फार अप्रूप वाटलं. शेजारच्या शिल्पात शाळा भरलेली: मधे दाढीवाले गुरुजी, दोन बाजूंना पोथी उलगडून बसलेली मुलं, आणि उशिरा येऊन हात वर करून नमस्कार करणारा तिसरा पोरगा. हे सगळे दगड पुढे नॉयमागेनच्या तटाच्या पायात घातले गेले आणि त्यामुळेच टिकले.

ट्रिअर हे कार्ल मार्क्सचंही गाव. जन्म १८१८ चा, घर ब्रुकेनस्ट्रासेवर, आता तिथे संग्रहालय आहे. चीननं २०१८ मध्ये भेट दिलेला त्याचा पुतळाही पोर्टा नीग्राजवळच उभा आहे. आपल्याकडे मार्क्स म्हटलं की गिरण्या आणि कामगार आठवतात. पण जानेवारी १८४३ मध्ये पंचविशीही न गाठलेला मार्क्स वर्तमानपत्रात लिहीत होता ते मोझेलच्या द्राक्ष उत्पादकांच्या हलाखीबद्दल. जकातीच्या भिंती पडल्यावर दक्षिण जर्मनीतली स्वस्त वाइन प्रशियाच्या, म्हणजे ट्रिअर तेव्हा ज्या राज्यात होतं त्याच्या, बाजारात आली आणि इथले लहान शेतकरी कर्जात बुडाले. सरकार ऐकून घेईना, म्हणून तो लिहीत राहिला. त्याच वर्षी मार्चअखेर ते वर्तमानपत्र बंद करण्यात आलं. आर्थिक प्रश्नांकडे आपण वळलो त्यात या शेतकऱ्यांचाही वाटा होता, असं त्यानं स्वतःच पुढे लिहिलं.

ट्रिअरहून रेल्वे नदीची साथ सोडून आतून जाते. बर्नकास्टेल-कूसला रेल्वेच नाही, व्हिटलिख स्टेशनवर उतरून बस धरायची. बर्नकास्टेलच्या बाजूला लाकडी चौकटींची जुनी घरं आहेत. त्यातलं १४१६ मधलं एक घर खाली अरुंद आणि वर रुंद, फोटो काढणाऱ्यांची तिथे कायम गर्दी. पूल ओलांडून कूसच्या बाजूला मात्र फारसं कुणी येत नाही, आणि माझ्या मते खरं बघण्यासारखं तिथेच आहे.

निकोलाउस कुसानुस १४०१ मध्ये इथे जन्मला. वडील नावाडी आणि व्यापारी. मुलगा कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्मगुरू झाला, आणि पृथ्वी विश्वाच्या मध्यावर स्थिर नाही, हा विचार त्यानं कोपर्निकसच्या शंभर वर्षं आधी मांडला. त्यानं नदीकाठी गरीब म्हाताऱ्यांसाठी आश्रम काढला. त्याचं दानपत्र १४५८ चं. ख्रिस्ताच्या वयाइतकी, म्हणजे ३३ माणसं तिथे राहावीत, असं ठरलं आणि खर्चाला मळे लावून दिले. हा आश्रम आजही वृद्धाश्रम म्हणून चालू आहे. साडेपाचशेहून अधिक वर्षं, इतक्या लढाया होऊन गेल्या, तरी. आत त्याचं ग्रंथालय आहे, तीनशेहून अधिक हस्तलिखितांचं. त्याचा देह रोममध्ये पुरला, पण हृदय इथल्या प्रार्थनागृहात, पितळी पत्र्याखाली. देवस्थानाला जमीन लावून देण्याची रीत आपल्याला माहीत आहे. त्या उत्पन्नातून खरोखर म्हाताऱ्यांची सोय शतकानुशतकं होत राहते, हे बघून मी भारावून गेलो.

पुढे ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा युरोपातल्या सर्वांत उभ्या चढाच्या द्राक्षमळ्यांपैकी एक, चढ जवळपास ६५ अंशांपर्यंतचा. निफाड-दिंडोरीकडचे मांडवावरचे सपाट बाग बघितलेल्या डोळ्यांना हे शेत वाटतच नाही, कडा वाटतो. पायाखाली काळ्या पाटीचा खडक. दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब वेलींना देतो, म्हणून इतक्या उत्तरेला रीसलिंग हे पांढऱ्या वाइनचं द्राक्ष पिकतं. ट्रॅक्टर चढत नाही. एका रुळावरून दात्यांच्या चाकावर सरकणारी छोटी गाडी माणसं आणि क्रेट वर नेते, तोडणी हातानंच. आम्ही पायवाटेनं चढलो तेव्हा दोघंजण दोरीला धरून घड तोडत होते. मधले कितीतरी टप्पे पडीक होऊन झुडपांनी भरलेले. इतक्या कष्टाला पुढची पिढी तयार नसते, हे समजण्यासारखं आहे, तरीही वाईट वाटतं.

कोखेमचा किल्ला सगळ्या पोस्टकार्डांवर असतो. मूळ किल्ला चौदाव्या लुईच्या सैन्यानं १६८९ मध्ये उडवून दिला. आज दिसतो तो बर्लिनच्या एका उद्योगपतीनं १८६८ मध्ये अवशेष विकत घेऊन हौसेनं बांधलेला. सुंदर आहे, पण मला तिथे घरांवरच्या पुराच्या खुणांनी जास्त थांबवलं. डिसेंबर १९९३ च्या पुराचं पाणी माणसाच्या डोक्यावरून गेलं होतं. कोब्लेन्झला दोन नद्यांचा संगम बघून, रोपवेनं एरेनब्राइटश्टाइन किल्ल्यावर जाऊन आलो. तिथे एक संध्याकाळ पुरते.

मोझेलला एकाच गावाइतका वेळ असेल तर कूस निवडा. ग्रंथालय फक्त मार्गदर्शकासोबतच दाखवतात, तेव्हा वेळ आधी विचारून ठेवा. शरद ऋतूत गेलात तर मळेवाल्यांच्या अंगणातल्या हंगामी खानावळीतच जेवा. दारावर हिरवी डहाळी टांगलेली दिसली की समजायचं, खानावळ उघडी आहे. वाइन घेत नसाल तर त्याच मळ्यातला द्राक्षांचा ताजा रस मागा.