सकाळचं विमान, पंखाजवळची सीट

नागपूरकराला विमानाची भीती वाटावी, हे खरं तर शोभत नाही. १९४९ मध्ये रात्रीच्या टपालाची विमानसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री आपल्याच गावात जमायची आणि थैल्यांची अदलाबदल करून आल्या वाटेनं परतायची. आणि इथं मी! लेकानं बंगळुरूचं तिकीट पाठवलं की तेव्हापासूनच पोटात गोळा.

घरात आमच्या ह्यांचं एकच पालुपद, ‘काही होत नाही गं.’ कारपेक्षा विमान सुरक्षित असतं, हे मलाही ठाऊक आहे हो. पण सोनेगावच्या धावपट्टीवर विमानानं वेग घेतला की तळहाताला सुटणाऱ्या घामाला ते कोण सांगणार?

फरक पडला तो शेजारच्या मुलामुळे. तो मिहानमध्ये विमानांच्या देखभालीचं काम करतो. त्यानं धीरबिर काही दिला नाही, सरळ विचारलं, ‘काकू, नेमकं कधी घाबरता?’ हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, उडाल्यावर मिनिटभरात इंजिनाचा आवाज एकदम उतरतो आणि विमान खाली चाललंय असं वाटतं, तेव्हा.

तो हसला. ‘ते पायलट मुद्दाम करतात.’ उड्डाणाला जास्त जोर लागतो. ठरावीक उंची गाठली की तो कमी करतात. विमान वरच जात असतं, फक्त चढण्याचा वेग थोडा मंदावतो, आणि आपल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला तेच खाली गेल्यासारखं भासतं. मग त्यानं जुन्या कॅलेंडरच्या पानामागे आवाज ओळीनं लिहून दिले. उडाल्याबरोबर पोटाखाली धप्प: चाकं आत गेली. पंखातून घरघर: मागच्या पट्ट्या सरकताहेत. उतरण्याआधी पुन्हा धप्प: चाकं बाहेर आली. तो कागद मी पर्समध्ये ठेवते आणि सीटवर बसल्या बसल्या काढते. धप्प झालं की बोट पुढच्या ओळीवर. शेजारचा प्रवासी बघतो. बघू दे बापा.

हादऱ्यांचं म्हणाल तर आपल्या उन्हाळ्याचा त्यात मोठा हात आहे. मे महिन्याच्या दुपारी जमीन तापते, गरम हवेचे लोट वर चढतात आणि त्यात विमान हलतं. म्हणून मी पहाटेचंच विमान घेते, जमीन तापायच्या आत. सीट पंखाजवळची. शेपटाकडे बसलं की एसटीच्या मागच्या बाकावर बसल्यासारखं उडायला होतं.

चहा मात्र विमानतळावर घेत नाही. आधीच छातीत धडधड, त्यात चहाची भर कशाला? पट्टा घट्ट आवळते आणि श्वास चार आकडे मोजत घेते, आठ मोजत सोडते. श्वास सोडताना ठोके जरा मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. भीती जाते का? नाही. पण खिडकीची झडप आता मी उघडी ठेवते.

दिवाळीचं तिकीट काढलं तेव्हा हे म्हणाले, ‘पंखाजवळच्या सीटचे जास्तीचे पैसे कशाला?’ मी म्हटलं, ‘तुम्ही बसा ना मागे.’