फेलसेफ काल झालं होतं

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी एरोमॉडेलिंग शिकवतो. वार्षिक प्रदर्शनात मुलांनी बनवलेलं बाल्साच्या हलक्या लाकडाचं विमान उडवायचं होतं. पंख दीड मीटर, वजन 1.8 किलो, पुढे 11 इंची प्रॉप, म्हणजे प्रोपेलर. लोक याला खेळणं म्हणतात. त्या प्रॉपने फाटलेली बोटं मी पाहिली आहेत, त्यामुळे हा शब्द मला सहन होत नाही.

ड्रोन नियम 2021, डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा नकाशा, 120 मीटर उंचीची मर्यादा, कागदोपत्री सगळं चोख होतं. धावपट्टी उत्तर-दक्षिण आखली, मांडव पूर्वेला 50 मीटर मागे. सकाळचं ऊन पाठीवर येतं, उडवणाऱ्याला विमान नीट दिसतं. जानेवारीतला सकाळचा वारा मंद आणि ईशान्येचा, म्हणजे विमानाला लोकांपासून लांब नेणारा. म्हणूनच वेळ 8 ची ठेवली होती.

पाहुणे आले सव्वाअकराला. उशिरा येण्याचं आपल्याकडे कुणाला काही वाटतच नाही. तोवर काठीवरची रिबन उलट दिशेला फडफडत होती. येऊरचा डोंगर ओलांडून येणारा वारा सरळ येत नाही, घुसळत येतो. उतरताना वेग कमी झालेलं विमान तो थेट मांडवावर नेणार. मी उड्डाण रद्द केलं.

"सर, फोटोपुरती एकच फेरी मारा ना," आयोजक म्हणत राहिले. मी नाहीच म्हटलं. मुलं चार महिने राबली होती, एकीला रडू आवरेना.

दुपारी लॅबमध्ये विमान टेबलाला बांधलं, मोटर चालू केली आणि ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, बंद केला. सिग्नल तुटला की मोटर थांबायला हवी, हेच फेलसेफ. ती अर्ध्या थ्रॉटलवर, म्हणजे अर्ध्या जोरावर, फिरतच राहिली.

आदल्या संध्याकाळी याच तपासणीत ती थांबली होती. मग एक मुलगा हळूच बोलला. रात्री विमानातला, सिग्नल घेणारा रिसीव्हर बंद पडला, म्हणून त्याने दुसरा बसवून बाइंड केला होता, म्हणजे ट्रान्समीटरशी जोडला होता. या प्रकारचा रिसीव्हर बाइंड करताना ट्रान्समीटरची स्टिक जिथे असते तीच जागा फेलसेफ म्हणून धरतो. थ्रॉटलची स्टिक मध्यावर राहिली होती.

सकाळी मी रेंज तपासली, एलेरॉन, म्हणजे पंखांवरच्या झडपा, कुठल्या बाजूला वळतात ते पाहिलं, विमान दोन बोटांवर तोललं. फेलसेफ तेवढं काल झालंय म्हणून सोडलं. पाहुणे वेळेवर आले असते तर मी ते विमान उडवलं असतं.

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही ओरडाल म्हणून, सर."

त्याच आठवड्यात, सर्व्होची, म्हणजे झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरची, एक वायर सैल राहिली म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं.

सोमवारी प्राचार्यांनी वाऱ्याच्या निर्णयाबद्दल माझं कौतुक केलं. मी त्यांना फेलसेफचं सांगितलं. मुलाचं नाव घेतलं नाही, तपासणी माझी होती. आता ट्रान्समीटर बंद करून बघणं दर उड्डाणाआधी, त्याच मैदानावर होतं. तो मुलगा मात्र अजून माझ्याशी मान वर करून बोलत नाही.